वाचकांचे प्रश्न : संस्थेचे डिजिटल दप्तर कोणाच्या ताब्यात?

स्वयंसेवी संस्थांच्या ऑनलाइन खात्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून व्यक्तींची आणि संस्थांची नावे गाळली आहेत. तक्रारी निरनिराळ्या दिसत असल्या, तरी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खाते पदाचे नसून माणसाचे असणे.

प्रश्न : आमच्या संस्थेची वेबसाइट, फेसबुक पेज, यूट्यूब चॅनेल आणि कागदपत्रांची गूगल ड्राइव्ह हे सगळे आठ वर्षांपूर्वी एका तरुण कार्यकर्त्याने स्वतःच्या जीमेल खात्यावरून सुरू केले. आता तो परदेशी असतो. माणूस सज्जन आहे, सांगितलेले काम करूनही देतो. पण आमचा दिवस असतो तेव्हा त्याची रात्र असते आणि तोवर काम अडते. हे सगळे संस्थेच्या नावावर कसे आणावे? — एक सचिव

उत्तर : तो सज्जन आहे आणि अजून फोन उचलतो, तोवरच हे काम उरकून घ्यावे. पायउतार होणारा सचिव इतिवृत्ताची वही, शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या यादी करून, सह्या घेऊन नव्या सचिवाच्या स्वाधीन करतो, यात कोणालाही अविश्वास वाटत नाही. मग ऑनलाइन खात्यांच्या बाबतीतच तसे करायला संकोच का वाटावा, हे मला कळत नाही. अर्थात मीही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. एका संस्थेचे पेज मी हौसेने सुरू करून दिले आणि संस्थेशी संबंध संपल्यावरही कित्येक महिने तिथे येणारे संदेश माझ्याच फोनवर वाजत राहिले. त्यात मदत मागणाऱ्यांचे खासगी प्रश्नही होते. मी ते वाचायला नको होते, आणि ज्यांनी वाचायला हवे होते त्यांना ते दिसतच नव्हते.

सुरुवात यादीने करावी. खाते कोणते, ते कोणत्या ईमेलवर उघडले आहे, पडताळणीसाठी कोणता फोन नंबर जोडला आहे, पैसे कोणत्या कार्डावरून जातात, मुदत केव्हा संपते आणि आजमितीस आत कोणाकोणाला प्रवेश आहे, एवढे प्रत्येक खात्यापुढे लिहावे. पासवर्ड मात्र या यादीत लिहू नयेत. वेबसाइट, होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची भाड्याची जागा), डोमेन (वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव), पेज आणि चॅनेल लगेच आठवतात. सामूहिक ईमेल पाठवण्याची सेवा, देणगीचे ऑनलाइन खाते, व्हिडिओ बैठकांचे खाते, माहिती भरून घेण्याचे फॉर्म आणि व्हॉट्सॲपचा नंबर हे हमखास विसरले जातात. यादी करताना निम्मी खाती आपल्याला माहीतच नव्हती असे आढळले, तरी दचकू नये. बहुतेक ठिकाणी असेच होते.

त्यानंतर संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर पदांच्या नावाचे ईमेल पत्ते तयार करावेत. सचिव बदलला तरी सचिवाचा पत्ता तोच राहतो. नोंदणीकृत ना-नफा संस्थांना गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्या पडताळणीनंतर अशी सेवा विनामूल्य किंवा सवलतीत देतात. हे पत्ते तयार झाले, की एकेक खाते तिकडे वळवावे.

प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी आहे. फेसबुक पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो. ते माणसांच्या व्यक्तिगत प्रोफाइलमार्फत चालते. म्हणून संस्थेतील किमान दोन जबाबदार व्यक्तींना पूर्ण नियंत्रण द्यावे आणि त्यांचा प्रवेश नीट चालतो, हे तपासल्यावरच त्या कार्यकर्त्याने बाहेर पडावे. यासाठी संस्थेच्या नावाने खोटे ‘माणसाचे’ प्रोफाइल काढण्याची पळवाट अनेक जण घेतात, ती घेऊ नये. ते नियमाबाहेर आहे आणि असे प्रोफाइल बंद पडले, की त्यासोबत पेजचा ताबाही जातो. यूट्यूब चॅनेल ब्रँड खात्याला (एका व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावाने चालणाऱ्या गूगल खात्याला) जोडलेले असेल, तर त्याला एकापेक्षा अधिक मालक जोडता येतात. मात्र नव्या मालकाला मुख्य मालक करण्याआधी सात दिवस थांबावे लागते, तेव्हा हे काम एका बैठकीत संपेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सर्वांत किचकट प्रकरण ड्राइव्हचे. गूगल ड्राइव्हमधील फाइल फोल्डरच्या नव्हे, तर ती तयार करणाऱ्याच्या मालकीची असते. फोल्डर दहा जणांना दिसत असले तरी त्याने खाते बंद केले, तर त्याच्या फाइलीही जातात. शिवाय दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती हटवण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे. त्यामुळे कोणाच्या तरी जुन्या, विसरलेल्या खात्यावर संस्थेचे दप्तर ठेवणे यापुढे अधिकच जोखमीचे आहे. संस्थेसाठीच्या सेवेत सामायिक ड्राइव्ह मिळते, आणि तिच्यातील फाइली व्यक्तीच्या नसून संस्थेच्या असतात. व्यक्तिगत खात्यातील मालकी संस्थेच्या खात्याकडे थेट सोपवता येत नसल्यामुळे जुन्या फाइलींच्या प्रती करून त्या सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवणे, हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग आहे. त्या निमित्ताने ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फाइलींतली नेमकी कोणती ठेवायची, याचाही निकाल लागतो.

प्रश्न : आमच्या वेबसाइटचा पत्ता उघडला, तर तिथे जुगाराच्या जाहिराती दिसतात. चौकशी केल्यावर कळले, की डोमेनची मुदत संपली होती आणि सूचना माजी खजिनदारांच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात होत्या. पत्ता परत मिळेल का? — एक विश्वस्त

उत्तर : मुदत संपून किती दिवस झाले, यावर ते अवलंबून आहे. डोमेन विकत घेतले असे आपण म्हणतो, पण ते कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी ते नोंदवता येते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण डोमेनांच्या बाबतीत नोंदणी करणाऱ्या कंपनीने मुदतीच्या सुमारे एक महिना आधी, पुन्हा सुमारे एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना द्यावी, असा नियम आहे. सूचना पाठवली, की कंपनीची जबाबदारी संपते. ती कोणी वाचली की नाही, हे पाहणे तिचे काम नाही.

मुदतीनंतर काही दिवस नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण होऊ शकते. ही सवलत कंपनीगणिक बदलते आणि ४५ दिवसांपलीकडे जात नाही. कंपनीने नाव रद्द केले, की पुढील ३० दिवस ते जास्तीचे शुल्क भरून सोडवता येते. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग नाव सर्वांसाठी खुले होते. काही कंपन्या मात्र मुदत संपलेली नावे या टप्प्यांची वाट न पाहता लिलावात काढतात. म्हणून आजच कंपनीला फोन करून नाव नेमके कोणत्या टप्प्यावर आहे, ते विचारावे. जाहिराती दिसल्या म्हणजे नाव दुसऱ्याचे झालेच, असे नाही. मुदत संपलेल्या पत्त्यावर पुष्कळदा मध्यंतरी कंपनीच जाहिराती लावते.

नाव खरोखरच दुसऱ्याने घेतले असेल, तर हानी वेबसाइटपुरती राहत नाही, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. ज्याच्या हाती डोमेन, त्याच्या हाती त्या डोमेनवरचे सर्व ईमेल पत्ते. तो सचिवाच्या नावाचा पत्ता पुन्हा तयार करील, आपल्या पेजवर, बँकेच्या संकेतस्थळावर किंवा देणगीच्या खात्यावर ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबील आणि नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक थेट त्याच्याकडे जाईल. त्यामुळे असे घडले असल्यास नाव परत मिळवण्याची खटपट करण्यापूर्वी त्या डोमेनच्या ईमेलशी जोडलेले प्रत्येक खाते दुसऱ्या पत्त्यावर वळवावे.

यापुढे तीन गोष्टी सांभाळाव्यात. नोंदणी संस्थेच्या नावाने असावी. पुष्कळदा वेबसाइट बनवून देणाऱ्या व्यावसायिकाच्या नावाने ती केलेली असते आणि भांडण होईपर्यंत ते कोणी पाहत नाही. स्वयंचलित नूतनीकरण आणि हस्तांतराचे कुलूप (डोमेन परस्पर दुसरीकडे हलवू न देणारे) या दोन्ही सोयी चालू ठेवाव्यात. आणि डोमेनच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले, की तो ईमेलही बंद पडतो आणि ‘मुदत संपली’ हे सांगणारे पत्र नेमके तिथेच अडकते.

याच संदर्भात एक आठवण. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या एका डोमेनचे शुल्क भरायचे राहून गेले आणि तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेच्या वापरकर्त्यांची अडचण झाली, तेव्हा एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते चालू करून दिले होते. असा भला माणूस प्रत्येक संस्थेला भेटत नाही.

प्रश्न : सहा जण मिळून आम्ही संस्थेची खाती सांभाळतो. सगळ्यांना एकच पासवर्ड माहीत आहे आणि तो व्हॉट्सॲप गटात आहे. ओटीपी खजिनदारांच्या फोनवर येतो. ते प्रवासात असले, की काम थांबते. सुरक्षाही राहील आणि कामही चालेल, असे काही आहे का? — एक कार्यकर्ती

उत्तर : जिथे सोय आहे तिथे एकच खाते सहा जणांनी वापरण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या नावाने प्रवेश द्यावा. पेज, चॅनेल, वेबसाइट आणि सामूहिक ईमेलच्या सेवा यांपैकी बहुतेकांत अशी सोय असते. मजकूर लिहिणाऱ्याला लिहिण्यापुरता आणि हिशेब पाहणाऱ्याला पाहण्यापुरता अधिकार असावा. सर्वाधिकार दोघांना, फार तर तिघांना. एकालाच दिला, तर तो आजारी पडल्यावर संस्था कुलूपबंद होते. सहा जणांना दिला, तर चूक कोणाची, हे कधीच कळत नाही.

ज्या सेवांमध्ये एकच प्रवेश असतो, त्यांच्यासाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड कुलूपबंद ठेवणारे ॲप, वापरावा. त्यात संस्थेची सामायिक तिजोरी करता येते, कोणाला काय दिसावे ते ठरवता येते आणि माणूस बाहेर पडला, की त्याचा प्रवेश काढता येतो. मात्र त्याने पाहिलेले पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत. गटातला संदेश पुसून टाकला तरी जुना पासवर्ड बदलावाच लागेल, कारण तो कोणाकोणाच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये उतरला आहे, हे कोणीच सांगू शकणार नाही.

ओटीपीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. एसएमएसने येणारा कोड एका सिमशी बांधलेला असतो, आणि मोबाइल कंपनीला फसवून दुसऱ्याच्या नंबरचे सिम मिळवण्याचे प्रकार घडलेले आहेत. त्याऐवजी दर ३० सेकंदांनी नवा कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप घ्यावे. ते सुरू करताना पडद्यावर दिसणारा क्यूआर कोड दोन जबाबदार व्यक्तींनी एकाच वेळी आपापल्या फोनवर स्कॅन केला, तर दोघांनाही तोच कोड दिसत राहतो आणि खजिनदार निर्धास्तपणे प्रवासाला जाऊ शकतात. त्याच वेळी मिळणारे आणीबाणीचे कोड छापून, पाकिटात घालून, सही करून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवावेत. इतक्या आधुनिक व्यवस्थेचा शेवट कपाटातल्या पाकिटात व्हावा याचे काहींना हसू येते. पण कपाटापर्यंत कोणी इंटरनेटवरून पोहोचत नाही.

मुख्य ईमेल आणि डोमेन या दोन खात्यांसाठी शक्य असल्यास यूएसबीसारखी दिसणारी सुरक्षा-किल्ली घ्यावी, तीही दोन नग. ॲपमधला कोड फसवून काढून घेता येतो. ही किल्ली मात्र खोट्या संकेतस्थळावर चालतच नाही. माणसे फोनवर किती सहज फसतात, हे जुलै २०२० मध्ये ट्विटरने अनुभवले. कर्मचाऱ्यांनाच फोन करून गंडवण्यात आले आणि नामवंतांच्या खात्यांसह सुमारे १३० खाती लक्ष्य झाली.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी सर्व पासवर्ड बदलावेत, असा ठराव आमच्या कार्यकारिणीत आला आहे. योग्य आहे का? — एक सदस्य

उत्तर : नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे सांगितले. सक्ती केली, की माणसे जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा वाढवतात. पासवर्ड लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा. तो फुटल्याचा संशय आला, कोणी पद सोडले किंवा संस्थेचा फोन हरवला, की बदलावा. ठराव करायचाच असेल, तर कोणाकोणाला कुठे प्रवेश आहे, हे वर्षातून दोनदा तपासण्याचा करावा.

प्रश्न : मतभेदातून बाहेर पडलेले माजी पदाधिकारी पेज आणि ईमेल सोडायला तयार नाहीत. त्यांचा जुना पासवर्ड आमच्यापैकी एकाला आठवतो. तो वापरून ताबा घ्यावा का? — एक अध्यक्ष

उत्तर : घेऊ नये. खाते व्यक्तिगत असेल, तर परवानगीशिवाय त्यात शिरणे हा अनेक देशांत गुन्हा ठरू शकतो, आणि आज आपली असलेली न्याय्य बाजू उद्या त्यांची होईल. आधी कार्यकारिणीचा ठराव करून कोणती खाती संस्थेची आहेत, ती कोणाकडे सोपवावीत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी कळवावे. भाषा सौम्य ठेवावी. हा कागद पुढे तिसऱ्या माणसाला दाखवावा लागू शकतो. नकार आला, तर नोंदणीचे प्रमाणपत्र, ठराव आणि शुल्काच्या पावत्या घेऊन संबंधित सेवा-कंपनीकडे दाद मागावी आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. शुल्क संस्थेच्या खात्यातून गेलेले असणे हा अशा वेळी उपयोगी पुरावा असतो. म्हणूनच ‘मीच भरतो, नंतर बघू’ असे म्हणणाऱ्या उदार सभासदाचे आभार मानून पैसे संस्थेच्या खात्यातूनच भरावेत. ताबा मिळेपर्यंत हे पेज सध्या संस्थेच्या नियंत्रणात नाही, एवढे एकच वाक्य आरोप न करता सभासदांना आणि देणगीदारांना कळवावे.

प्रश्न : आमच्याकडे लाभार्थींचे अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, देणगीदारांच्या याद्या आणि कार्यक्रमांचे हजारो फोटो आहेत. सगळे क्लाउडवर आहे. म्हणजे सुरक्षितच ना? — एक व्यवस्थापिका

उत्तर : आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारले आहेत. माहिती नष्ट होऊ नये, हा एक. ती भलत्याच्या हाती पडू नये, हा दुसरा.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक, आणि तो जळूही शकतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींचे दोन्ही गेले. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये कबूल केले, की सर्व्हर बदलताना लोकांनी पूर्वी चढवलेली गाणी, फोटो आणि व्हिडिओ नष्ट झाले आहेत. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक वेगळ्या जागी, हा जुना नियम आजही सोडू नये. आपल्याच क्लाउड खात्यातले दुसरे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. खाते गेले, की दोन्ही फोल्डरे जातात. आणि बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे, असे मानू नये.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मला अधिक काळजी वाटते. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले आणि युद्धामुळे, आपत्तीमुळे किंवा स्थलांतरामुळे कुटुंबापासून ताटातूट झालेल्यांसह ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली. सॉफ्टवेअरमधील एका त्रुटीवरची दुरुस्ती वेळेत बसवली गेली नव्हती. त्याआधी २०२० मध्ये अनेक ना-नफा संस्थांच्या देणगीदारांची माहिती सांभाळणाऱ्या ब्लॅकबॉड या कंपनीवर रॅन्समवेअरचा (माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला. संस्थांनी स्वतः काही चूक केली नव्हती, तरी देणगीदारांना खुलासे त्यांनाच द्यावे लागले.

जी माहिती आपल्याकडे नाही, ती चोरीला जात नाही. लाभार्थीची ओळख पटवल्यावर ओळखपत्राची प्रत ठेवणे खरोखरच आवश्यक आहे का, कायद्याने ती किती काळ ठेवावी लागते आणि तो काळ उलटल्यावर ती पुसण्याचे काम कोणाकडे आहे, हे ठरवावे. लाभार्थींची यादी ‘लिंक असलेल्या कोणालाही दिसेल’ अशा मांडणीत ठेवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की आज ही तपासणी इतर सर्व कामांच्या आधी करा, असेच सांगेन. मुलांचे आणि संकटातल्या व्यक्तींचे फोटो वेगळ्या फोल्डरात, मोजक्या लोकांना दिसतील असे ठेवावेत आणि कोणी कशासाठी संमती दिली, त्याची नोंद त्यांच्यासोबतच असावी.

प्रश्न : ‘आपल्या पेजवर कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत खुलासा करा’ असा संदेश आला. सहकाऱ्याने लिंक उघडून पासवर्ड भरला आणि काही मिनिटांत पेजवर भलतेच व्हिडिओ दिसू लागले. पासवर्ड लगेच बदलला, तरी ते थांबत नाहीत. काय राहिले? — एक कार्यकर्ता

उत्तर : पासवर्ड बदलला तरी आधीच आत शिरलेला माणूस आपोआप बाहेर जाईलच, असे नाही. ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा आणि पेजवर ज्यांचा प्रवेश आहे, त्यांच्या यादीतील अनोळखी नावे काढावीत. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हा तंत्रज्ञानालाच वाहिलेला यूट्यूब चॅनेल असाच बळकावला गेला होता. तिथे पासवर्ड चोरलाच नव्हता, पीडीएफचे सोंग घेतलेल्या फाइलने संगणकावर आधीच उघडून ठेवलेल्या खात्याचा चालू प्रवेशच उचलला होता. तेव्हा सहकाऱ्याने एखादी फाइलही उघडली असेल, तर तो संगणक स्वच्छ होईपर्यंत नवा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरूनच ठरवावा.

त्यानंतर त्या सहकाऱ्याचा ईमेल तपासावा. तिथे येणारी पत्रे गुपचूप बाहेर पाठवणारा एखादा नियम लावून ठेवलेला असू शकतो, आणि तो काढला नाही तर पुन्हा हेच घडते. जोडलेली अनोळखी ॲप काढून टाकावीत. जाहिरातींसाठी कार्ड जोडलेले असेल, तर बँकेला कळवून ते थांबवावे. पेजवरच्या व्हिडिओंकडे सगळे पाहत असताना पैसे दुसऱ्या बाजूने जात असतात. पडद्यांची छायाचित्रे वेळेसह जपून ठेवावीत, कंपनीच्या अधिकृत मदत-पानावर तक्रार नोंदवावी आणि ‘पेज परत मिळवून देतो’ असे सांगत येणाऱ्या त्रयस्थांना उत्तरही देऊ नये. त्यांतले बरेचसे त्याच धंद्यातले असतात.

आणि त्या सहकाऱ्याला बैठकीत सर्वांसमोर बोल लावू नये. त्याने काही मिनिटांत सांगितले म्हणून आपल्याला कळले; पुढच्या वेळी लिंक दुसऱ्या कोणी उघडली, तर त्यानेही तितक्याच लवकर सांगायला हवे.